नखांची पावडर आणि ट्रकचं नाक

लग्नसराई आली की माझ्या दुकानात हळदीचा आणि झटपट गोंदाचा वास एकत्र नांदायला लागतो. बाहेर वारंगा फाट्यावर वऱ्हाडाच्या जीपा थांबतात, टपावर दोरीने आवळलेलं लोखंडी कपाट उन्हात तापत असतं, गाडी लागलेली एखादी करवली कडेला बसून चूळ भरत असते. आत पंख्याखाली नवरी दोन्ही हात टेबलावर पसरून बसलेली असते आणि हे हात आता आपले नव्हेतच अशा नजरेने त्यांच्याकडे बघत असते. यंदाही तेच चाललंय. यंदाही फाट्यावरचं डांबर चपलेला धरतंय, यंदाही दुपारनंतर माझी पाठ बोलायला लागते. आणि नखावरून फाइल फिरवताना उडालेली पूड मनगटावर बसली, की मला ती एक लग्नसराई आठवते. माझं दुकान दुकान राहणार की टायरांचं गोदाम होणार, याचा निकाल त्या वैशाखात लागायचा होता.

निकाल देणार होते मामा. मामा म्हणजे माझे सासरे, अख्ख्या फाट्याचे किसन पेंटर. ट्रकच्या बॉड्या बांधायच्या, ठोकून सरळ करायच्या आणि रंगवायच्या, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. रस्त्याला लागून आमची दोन शटरं. एकात मामांचं वर्कशॉप, दुसऱ्यात रंगाचे रिकामे डबे आणि ट्रकच्या मागे लावायचे मोडके फाळके पडलेले असायचे. नखं लावायचा कोर्स मी लग्नाआधीच नांदेडला राहून केला होता. लग्नानंतर दोन वर्षांनी मी ते दुसरं शटर मागून घेतलं, झाडून काढलं, मोठा आरसा लावला आणि ब्युटी पार्लर सुरू केलं. मामांनी तेव्हा नाही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, चार महिन्यांत कंटाळेल. मी कंटाळले नाही, आणि तिथेच त्यांचा हिशेब चुकला.

एक पाऊल मात्र त्यांनी कधी माझ्या दुकानात टाकलं नाही. समोरून जाताना मान रस्त्याकडे वळवायचे, जणू पलीकडे काहीतरी फार महत्त्वाचं घडतंय. त्या वर्षी होळी झाली आणि जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं, "लग्नसराई हुईस्तोवर चालव तुझं ते नखाचं. मंग ते शटर टायरवाल्याला देऊन राहिलो मी."

"काहून, मामा?"

"काहून म्हंजी? फाट्यावर ट्रक येतात. ट्रकाला टायर लागतं. नखं लागत न्हाईत."

तसं पाहिलं तर बिनतोड. माझे यजमान शेजारीच जेवत होते. ते स्वतः ट्रक चालवतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर असतात आणि उरलेले दहा दिवस कुणाच्या वादात पडत नाहीत. नंतर अंगणात हात धुताना म्हणाले, "बाबाच्या मधात मी पडत न्हाई. तुझं तू बघ." बघते, म्हटलं.

ज्यांनी नखांचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ऍक्रिलिकची पावडर असते, पिठीसाखरेहून बारीक. ब्रश आधी तिच्या लिक्विडमध्ये बुडवायचा, मग त्याचं टोक पावडरला टेकवायचं. टोकावर एक ओला मणी धरतो. तो मणी नखावर ठेवून पसरायचा आणि घट्ट होताच फाइलने घासून त्याला आकार द्यायचा. एखादं नख मुळातच चिरलेलं असेल तर त्या चिरेत पावडरची चिमूट आणि वर झटपट गोंदाचा थेंब. देवाने दिलेलं नख कुठे संपलं आणि मी दिलेलं कुठे सुरू झालं हे कळलं, तर काम वाया गेलं समजायचं. मी ते वाया जाऊ देत नाही. याबाबतीत मला खोटा विनय जमत नाही.

त्या सराईतले चेहरे पुसट झालेत, पण हात आठवतात. हरभरा उपटून बोटांच्या कडा फाटलेला हात. दवाखान्यातल्या नर्सबाईंचा, सारखा साबण लागून पांढरा पडलेला. माझ्या माहेरकडून, जवळा बाजारहून एक मुलगी आली होती. कापूस वेचताना बोंडांची टोकं लागून तिच्या नखांभोवती बारीक चरे पडले होते. ओढणीखालून हात बाहेर काढेना. "ताई, ह्याला काई हुतं का हो?" मी म्हटलं, "हुतं की. तू हात तर दे." आणि प्रत्येक नवरीसोबत आलेली मावशी न चुकता विचारणार, असली नखं लावून भाकरी थापता येती का? येते. भाकरी तळहाताने थापायची असते, नखांनी नव्हे. मी रोज थापते. काही हौशी मुली मात्र हळदीच्या आदल्या दिवशीच नखं लावून जात आणि दुसऱ्या दिवशी रडत परत येत, कारण दहाही नखं पिवळीधमक झालेली असत. तेव्हापासून मी दारावर पाटीच लावली आहे: आधी हळद, मग नखं.

पलीकडच्या शटरमध्ये त्या वर्षी शांतता होती. आता ट्रक कंपनीतूनच बॉडीसकट येतात. मामांच्या उमेदीच्या काळात नुसतं चेसिस यायचं. पुढे इंजिन आणि नाक, मागे उघडा सांगाडा. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला रुमाल गुंडाळून, दोन-दोन दिवस ते चालवत आणायचा. त्यावर पुढचा सगळा ट्रक मामा उभा करायचे. केबिन, फळ्या, फाळके, रंग, सगळं. आता एखादा चेपलेला दरवाजा आला तर आला. रिकाम्या हाताने बसणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी बोर्डवाल्याकडून पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटचे तुकडे आणले आणि आपण बांधलेला पहिला ट्रक लहानात करायला घेतला. माप मिस्त्रीचं होतं, एका फुटाला अर्धा इंच. सतरा फुटांची बॉडी साडेआठ इंचांत बसली. फळीला फळी, साखळीला साखळी, आरशाला आरसा. इतकं नामी काम की येणारे-जाणारे ड्रायव्हर खाली वाकून बघायचे आणि आपोआप आवाज खाली आणायचे.

घोडं अडलं नाकापाशी. का, ते मला नंतर समजलं. चाळीस वर्षांत मामांनी ट्रकचं सगळं केलं होतं, पण नाक कधी केलं नव्हतं. नाक कंपनीचं. त्यांच्याकडे यायची ती फुटलेली, चेपलेली नाकं. धड नाक कुठे कसं वळतं हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. शीटच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवून त्यांनी ते कोरलं, तर दोन्ही गालांवर भेगा राहिल्या. भेगा बुजवायला त्यांनी लावली लांबी. लांबी म्हणजे रंगारी पत्र्याच्या आणि भिंतीच्या खळग्यांत भरतात तो लगदा. तिला एक रात्र द्यायची आणि सकाळी पाणी मारून वॉटर पेपरने घासायचं, हा मामांचा कायदा. पण अर्ध्या सुताच्या, दोरा जेमतेम शिरेल अशा भेगेत लांबी वाळताना आक्रसायची. सकाळी बघावं तर भेग जागेवरच, आणि वर एक तडा फुकटात.

त्याच सुमारास माझ्या पावडरचा डबा उतरायला लागला. जास्तीचा माल मी घरात फळीवर ठेवत असे. आधी वाटलं मीच सांडली असेन. मग एका सकाळी चहा देताना पाहिलं, तर मामांच्या मिशीवर फिकट गुलाबी पूड.

"मामा, मिशीला काय लागलं?"

"पीठ असंल."

"आपल्याकडं गुलाबी ज्वारी कधीपासून यायला लागली?"

मामांनी मिशी पुसली आणि चहा बशीत ओतला. मग मला आठवलं. आठवड्यापूर्वी मिक्सरचं तुटलेलं झाकण मी घरीच गोंद-पावडरीने जोडलं होतं, आणि मामा त्यावरून अंगठ्याचं नख फिरवताना दिसले होते. विचारलं असतं तर मी अख्खा डबा दिला असता. पण सुनेच्या पार्लरातली वस्तू मागायची म्हणजे पार्लर आहे हे मान्य करायचं, आणि त्यापेक्षा चोरी बरी असं त्यांना वाटलं असावं.

दोनच दिवसांनी ते माझ्या शटरसमोर येऊन उभे राहिले. बाहेरच, पायरीच्या खाली. हातात ट्रकचं नाक होतं, आणि माझ्या खुर्चीत शाळेतल्या एक बाई.

"हे बघ तुझी पावडर," मामा म्हणाले. "दगड झाला नुसता. घासू घासू बाजूची शीट झिजली, ह्यो गोंद मातर हलंना. पार्लरचा माल त्यो. कामाचा न्हाई."

मी नाक हातात घेतलं. डाव्या गालावर काचेसारखा उंचवटा उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शीट खोलवर घासली गेली होती. काय झालं ते एका नजरेत कळलं. हा घोळ फक्त एक मुरलेला रंगारीच घालू शकतो. त्यांनी सवयीने गोंद ओतला, वर पावडर भुरभुरवली, आणि लांबीला द्यावी तशी त्यालाही एक रात्र दिली.

"माल बराबर हाय, मामा," मी म्हटलं. "हात चुकला तुमचा."

शाळेच्या बाई आरशात बघायच्या थांबल्या. किसन पेंटरचा हात चुकला असं फाट्यावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते सुनेने, परक्या बाईसमोर, भर रस्त्यावर. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला वाटलं, गेलं शटर. पण मी म्हणाले ते खरं होतं आणि ते मागे घ्यायची माझी तयारी नव्हती.

"आत या. दाखवते."

मामांनी पायरीकडे पाहिलं. मग चपला काढल्या, नीट एकीशेजारी एक ठेवल्या आणि आत आले. शाळेच्या बाई लगबगीने उठल्या. बसायला ती एकच फिरती खुर्ची. मामा बसले तशी ती अर्धी वळली, आणि माझे सासरे नवरीच्या आरशात स्वतःच्या समोर आले. त्यांनी घाईने डोळे खाली केले.

मी दिवा ओढून घेतला. उजवा गाल अजून कोरा होता. "रातभर ठिवलं हुतं न्हवं तुमी?"

"मंग? लांबीला रात द्यावीच लागती."

"ही लांबी न्हाई. लांबी वाळती. हे वाळत न्हाई, हे धरतं. धरलं की तवाच घासायचं. जितका वेळ द्याल तितकं हट्टाला पेटतं."

भेगेत आधी पावडर भरली, काठोकाठ, ब्रशच्या टोकाने दाबून. मग सुईच्या टोकावर गोंदाचा एक थेंब घेतला आणि भेगेच्या एका कडेला टेकवला. तो पावडरीत सरकत सरकत दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि फिकट गुलाबी रेघ ओली, काळसर झाली. वर पुन्हा थोडी पावडर, पुन्हा थेंब. नखांचं लिक्विड इथे चालत नाही, ते शीटलाच खातं, हेही सांगून ठेवलं. तेवढ्यात ते धरलं. मी खरखरीत फाइल घेतली, मग मधली, मग बारीक, शेवटी नखं चमकवायचा मऊ ठोकळा. पाच-सात मिनिटांत संपलं. बोटाने पूड उडवली आणि नाक मामांच्या हातात दिलं.

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख गालावरून आडवं ओढलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. ट्रकच्या दरवाजावरून ते तळहात असाच फिरवायचे. आम्ही दोघेही डोळ्यांवर भरवसा ठेवणारी माणसं नाही, हे मला त्या क्षणी कळलं आणि कुठेतरी आत बरं वाटलं. नख कुठेच अडलं नाही.

"दुसरा गाल मी करतो," ते म्हणाले. "तू बघ."

जुना दगड पात्याने कोरून काढावा लागला. मग त्यांनी पावडर भरली आणि गोंदाची ट्यूब उलटी केली. "थेंब, मामा. धार न्हाई!" मी ओरडले. शाळेच्या बाईंना हसू आवरेना. मामाही हसले असते, पण त्यांनी मिशी पुसायचं निमित्त करून ते टाळलं.

त्यानंतर दुपारी दोन ते चार, जेव्हा उन्हामुळे एकही नवरी फिरकत नाही, तेव्हा मामा नाक घेऊन येऊ लागले. कोपऱ्यात एक स्टूल आणून टाकलं. आम्ही दोघं दोन दिव्यांखाली घासत बसायचो, मी माझ्या सरावाची नखं, ते त्यांचा ट्रक. कधी ते सांगत, सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर मुरूम वाहणारी एक गाडी कशी नाकावर आपटली होती आणि ते नाक त्यांनी किती दिवस ठोकलं. कधी माझ्या लाल नेलपॉलिशकडे बघून म्हणत, "ह्यात चिमूटभर काळा टाक, मंग लाल दिसंल." टाकला. खरंच दिसला. त्या रंगाने त्या सराईत नवरीमुलींना वेड लावलं. चकचकीत रंगासारखा चुगलखोर दुसरा कुणी नाही, असंही ते सांगत. खालची भेग नीट भरली नसेल तर रंग ती सगळ्या गावाला दाखवतो. म्हणून जीव भरण्यात ओतायचा, रंगात नव्हे.

मला हे फार पटतं. लोक म्हणतात, पार्लरमध्ये काय, वरवरचं. वरवरचं टिकवायला खाली किती भरावं लागतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ती कापूस वेचणारी मुलगी आरशासमोर दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होती, तेव्हा मी तिचं काही लपवलं नव्हतं. तिच्या बोटांनी जे झिजवलं होतं ते मी परत भरून दिलं होतं. आजही त्या दिवसाचा मला अभिमान वाटतो.

शटरचा विषय मात्र मामांनी काढला नाही, आणि मीही नाही. रोज दोन तास शेजारी बसून, एकाच डब्यातली पावडर वापरून, आम्ही त्या एका गोष्टीला वळसा घालत होतो. लग्नाच्या तिथी संपत चालल्या होत्या. रात्री मी कॅलेंडरकडे बघायचं टाळायचे. मला ते दुकान हवं होतं. घरी मी सून, रस्त्यावर अमक्याची बायको, माहेरी दिलेली लेक. त्या आरशासमोर मात्र बायका मला विचारतात आणि मी सांगते. ते गेलं असतं तर मी मेले नसते, पण थोडी कमी जगले असते. हे मी कुणाला म्हटलं नाही. आज लिहून टाकते.

आता मामा रोज येत नाहीत, गुडघे धरतात. ट्रक माझ्या नेलपॉलिशच्या कपाटात वरच्या खणात उभा आहे. सध्या ते एक पाण्याचा टँकर करताहेत. त्यांचा पावडरचा वेगळा डबा आहे आणि त्यावर त्यांनी रंगारी अक्षरांत लिहिलंय, "हात लावू नये". मी लावते.

तर त्या सराईतली शेवटची मोठी तिथ. सकाळपासून चौथी नवरी खुर्चीत होती, उजवा हात झाला होता, डावा राहिला होता. बाहेर तिचा भाऊ गाडीचा हॉर्न वाजवत होता. मामा कोपऱ्यात स्टुलावर बसून ट्रकच्या नाकावर पिवळी रेघ ओढत होते, माझ्या सगळ्यात बारीक ब्रशने. तेवढ्यात दारात टायरवाला येऊन उभा राहिला. हातात मोजायची टेप. त्याने एक टोक माझ्या चौकटीला लावलं आणि आत नजर टाकत म्हणाला, "पेंटर, जागा कवा रिकामी करता?"

मामा काय म्हणतील याची वाट बघायला हवी होती. मला ती बघवली नाही.

"जागा रिकामी व्हायची न्हाई," मी म्हटलं.

तो हसला. "बाई, मी पेंटरला इचारून राहिलो."

मामांनी मान वर केली नाही. रेघ ओढताना ते श्वास धरतात आणि रेघ संपल्याशिवाय सोडत नाहीत. ती रेघ नाकाच्या एका गालावरून दुसऱ्या गालावर जायची होती. टायरवाला टेप धरून उभा, नवरी हात धरून बसलेली, मी फाइल धरून उभी, आणि ब्रश आपल्या चालीने सरकत होता. माझ्या आयुष्यात इतकी लांब चार इंची रेघ मी पाहिलेली नाही. शेवटी ती कडेला पोचली. मामांनी ब्रश उचलला आणि श्वास सोडला.

"मालकीण सांगून राहिली न्हवं तुमाला," ते म्हणाले. "मंग मला काहून इचारता?"

टेप खर्रकन आत गेली. मी नवरीचा डावा हात हातात घेतला, पण फाइल काही नखावर टेकेना. नवरीने माझी बोटं घट्ट धरली आणि हळूच म्हणाली, "ताई, सावकाश करा. थांबतील बाहेरचे."